दुसऱ्या महायुद्धात आपल्या नौदलाच्या एखाद्या छोट्या जहाजाने मोठ्या शत्रूला टक्कर दिली होती का?

दिली होती की! 'बेंगाल' नावाचं जहाज, तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीचं, सिडनीत बांधलेलं. लांबी जेमतेम 57 मीटर, वजन 650 टनांच्या आसपास. काम काय, तर सुरुंग काढायचे, गस्त घालायची आणि मालवाहू जहाजांच्या सोबतीला जायचं. खरं तर याला 4 इंची तोफ बसवायची होती पण ती मिळालीच नाही, मग 3 इंचीवर भागवलं.

ऑगस्ट 1942 ला सेवेत आलं आणि नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटामार्गे मुंबईकडे निघालं, सोबत 'ओंदिना' हा डच टँकर. 11 नोव्हेंबरला कोकोस बेटांच्या नैऋत्येला समोर दोन जपानी जहाजं, 'होकोकु मारू' आणि 'आइकोकु मारू'. मुळात प्रवासी जहाजं, पण युद्धासाठी तोफा चढवलेल्या, प्रत्येकी 10 हजार टनांच्या वर. स्पीडही बेंगाल-ओंदिनापेक्षा जास्त, म्हणजे पळून जायचाही प्रश्न नाही. बेंगालचा कप्तान विल्सन याने ओंदिनाला निघून जा सांगितलं आणि स्वतःचं जहाज सरळ शत्रूच्या अंगावर घातलं. ओंदिनालाही कळलं की आपण काही सुटत नाही, तिच्याकडे एकच 4 इंची तोफ आणि 32 गोळे, तिनेही मारा सुरू केला.

थोड्या वेळात होकोकु मारूवर मोठा स्फोट झाला आणि ते बुडालं. गोळा कुणाचा लागला यावर आजही वाद चालतो, आपल्याकडचे म्हणतात बेंगालचा, डच म्हणतात ओंदिनाचा. मला विचाराल तर ओंदिनाच्या 4 इंचीचं पारडं जड वाटतं, आपल्या लोकांना आवडणार नाही पण असो. अंगावर जायचा निर्णय मात्र बेंगालचाच, तो कोण काढून घेणार?

बेंगालचे गोळे संपत आले, मग धुराचा पडदा सोडून ती निसटली, दिएगो गार्सियाला पोचली आणि ओंदिना बुडाली असं कळवलं. इकडे ओंदिनाचा कप्तान मारला गेला होता, तिला टॉर्पेडोही लागले होते, खलाशी होड्यांत उतरले तर त्यांच्यावर मशिनगन चालवली. पण टँकर काही बुडेना! जपानी निघून गेल्यावर उरलेले परत वर चढले, आग विझवली, इंजिन चालू केलं आणि आठवड्याभरात फ्रीमँटलला हजर.

बेंगाल स्वातंत्र्यानंतरही आपल्या नौदलात होती, 1960 ला निवृत्त झाली.