पहिलं ड्रिल घेताना

अगं, बाळंतपणातल्या आणीबाणीचं पहिलं ड्रिल, म्हणजे टीमचा सराव, स्किल लॅबमध्ये नको, लेबर रूममध्येच घे. मामानॅटली, म्हणजे बाळंतपणाच्या सरावाचं मॉडेल, एखाद्या सिस्टरच्या पोटाला बांध आणि तिलाच बाळंतीण कर. टेबलावरचा पुतळा गप्प असतो. ही कण्हते, "मला गरगरतंय" म्हणते, तेव्हा टीम खरी हलते.

प्रसंग प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा निवड. मॉडेलमधून रक्त म्हणून सोडलेलं लाल पाणी 500 मिलिलिटर झालं की घड्याळ लाव आणि नुसतं बघ: गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन आणायला कोण धावलं, गर्भाशय चोळायला कुणी घेतलं, रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झामिक ॲसिड 1 ग्रॅम कुणाला आठवलं. आमच्या पहिल्या ड्रिलला ऑक्सिटोसिन ठेवलेल्या फ्रिजची किल्ली निघाली रजेवरच्या सिस्टरच्या पर्समध्ये! दुसऱ्या दिवशी किल्ली खिळ्याला टांगली गेली.

"कुणीतरी रक्त मागवा" म्हटलं की कुणीच मागवत नाही. नाव घेऊन सांगायचं, ऐकणाऱ्यानं तेच परत म्हणायचं.

ड्रिल दहा मिनिटं, चर्चा वीस. आधी मावशींना बोलू दे, डॉक्टर शेवटी. ते आधी बोलले की बाकीच्यांच्या तोंडाला कुलूप. आणि हो, सरावाच्या रिकाम्या अँप्युल (इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या) मोजून परत घे. एकदा ट्रेमध्ये राहिल्या होत्या, रात्रपाळीला सापडल्या.