आधी भुईकाटा, मग सुतार
वाचकांचे प्रश्न

मागे रॅम्पसारखा उघडणारा दरवाजा, आत मोटारसायकलपुरते गॅरेज आणि पुढच्या भागात झोपण्या-रांधण्याची सोय, अशा ट्रेलरला अमेरिकेत ‘टॉय हॉलर’ म्हणतात. त्यात घरच्या घरी करता येण्याजोग्या फेरफारांविषयी मुंबई परिसरातून आलेल्या काही पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझा एका ॲक्सलचा, म्हणजे चाकांच्या एकाच आसाचा, ट्रेलर बांधून घेतलेला आहे. त्याचे रिकामे वजन ९८० किलो आणि एकूण अनुज्ञेय वजन १५०० किलो आहे. हिचपासून, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडण्याच्या सांध्यापासून, ॲक्सलपर्यंतचे अंतर ३.२ मीटर भरते आणि रिकाम्या ट्रेलरचा हिचवर १३० किलो भार येतो. गॅरेजमध्ये १९६ किलोची हिमालयन मोटारसायकल ॲक्सलच्या १.४ मीटर मागे उभी असते. नाशिक महामार्गावर वेग सत्तरच्या पुढे गेला की ट्रेलरची शेपटी डोलू लागते. आता रॅम्पलगत, ॲक्सलच्या १.६ मीटर मागे, १२० लिटरची पाण्याची टाकी बसवण्याचा आणि ३० किलोची नवी बॅटरी घेण्याचा विचार आहे. २० किलोची स्टेपनी ॲक्सलच्या १.८ मीटर मागे लटकते. त्याआधी शॉक ॲब्सॉर्बर बदलून घ्यावेत का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : शॉक ॲब्सॉर्बरचा विचार नंतर करावा आणि टाकी त्या जागी मुळीच बसवू नये. आपण मोजमापे कळवलीत, हे फार बरे झाले, कारण बहुतेक पत्रांत सामानाची यादी असते, पण वजनाचा एकही आकडा नसतो. ॲक्सल हा तराजूचा टेकू धरला, तर मागे ठेवलेली प्रत्येक वस्तू आपल्या अंतराच्या प्रमाणात हिचवरचा भार कमी करते. मोटारसायकलचे १९६ किलो गुणिले १.४, भागिले ३.२, म्हणजे सुमारे ८६ किलो. त्यामुळे आपल्या हिचवर आज जेमतेम ४४ किलो उरतात, जे मोटारसायकलसह ११७६ किलोंच्या ट्रेलरचे चार टक्केही होत नाहीत. अमेरिकेत अशा ट्रेलरसाठी १० ते १५ टक्के भार हिचवर असावा असा प्रघात आहे. युरोपात कॅराव्हॅनसाठी ५ ते ७ टक्के पुरेसे मानतात, परंतु तेथील कॅराव्हॅनच्या शेपटीत मोटारसायकल उभी केलेली नसते. आपले डोलणे येथूनच सुरू होते. त्यात भरलेली टाकी मागे गेली की आणखी ६० किलो वजा होतील आणि ट्रेलर आपल्या गाडीचा मागचा भाग वर उचलू पाहील.

टाकी ॲक्सलच्या ०.८ मीटर पुढे, चेसिसच्या आडव्या पट्ट्यांना टांगून बसवली, तर हिचवर ३० किलो वाढतात. ३० किलोची नवी बॅटरी पुढच्या त्रिकोणी दांड्यावर, ॲक्सलपासून २.६ मीटरवर ठेवली, तर २४ किलो मिळतात. मागे १.८ मीटरवर लटकणारे २० किलोचे स्टेपनीचे चाक त्याच दांड्यावर आणले, तर २७ किलो, आणि मोटारसायकल ०.४ मीटर पुढे सरकवता आली, तर आणखी २४ किलो. अशा रीतीने टाकी-बॅटरी धरून १३२६ किलोंच्या ट्रेलरचा १४९ किलो, म्हणजे सुमारे ११ टक्के भार हिचवर येतो. एवढा भार आपली गाडी आणि तिची हिच पेलू शकते का, हे गाडीच्या पुस्तिकेत आणि हिचवरच्या पट्टीवर पाहावे. तेथील मर्यादा कमी असेल, तर तीच अंतिम मानावी आणि सामान कमी करावे.

येथे एक पेच आहे व तो या जातीच्या ट्रेलरला जन्मजातच चिकटलेला आहे. मोटारसायकल घरी ठेवून निघालात, तर याच मांडणीत हिचवर २११ किलो येतील आणि गाडीची पुढची चाके हलकी होतील. म्हणून स्टेपनीसाठी पुढे आणि मागे अशा दोन जागा कराव्यात. मोटारसायकल नसेल तेव्हा चाक मागे लावून टाकी रिकामी ठेवली, तर भार १५४ किलोंवर, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांवर येतो. दोन ब्रॅकेट आणि चार बोल्ट एवढ्यात होणारे हे काम, माझ्या मते, आपण योजलेल्या सगळ्या फेरफारांत सर्वांत मोलाचे ठरेल.

कागदावरचा हिशेब प्रत्यक्षात ताडून पाहण्यासाठी ट्रकांच्या भुईकाट्यावर, म्हणजे जमिनीत बसवलेल्या वजनकाट्यावर, जावे. प्रवासाचे सगळे सामान भरलेला ट्रेलर गाडीपासून सोडवून, पुढच्या जॅकसह काट्यावर उभा करून एकूण वजन घ्यावे. नंतर तो गाडीला जोडून केवळ त्याची चाके काट्यावर ठेवून पुन्हा वजन घ्यावे. दोन्ही आकड्यांतील फरक म्हणजे हिचवरचा भार होय. ट्रकांच्या काट्यांवर वजन ५ किंवा १० किलोंच्या टप्प्यांनी दिसते, त्यामुळे एकाच नोंदीवर विसंबू नये.

मोटारसायकल बांधण्याच्या कड्या नुसत्या प्लायवूडमध्ये स्क्रूने बसवू नयेत, कारण जोराचा ब्रेक लागला की त्या फळीचा तुकडा घेऊनच उपटल्या जातात. बोल्ट आरपार घेऊन खाली जाड लोखंडी पट्टी द्यावी, किंवा कडी थेट चेसिसच्या आडव्या पट्टीला जोडावी. पुढचे चाक चॉकमध्ये, म्हणजे चाक अडवणाऱ्या खाचेत, अडकवून चार रॅचेट (आवळता येणारे) पट्टे चार दिशांना ओढावेत, मात्र पुढचा फोर्क पूर्ण दाबला जाईल इतके नाही. सुमारे अर्धा दाब पुरतो. एवढे करूनही वाटेत कधी डोलणे सुरू झालेच, तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून स्टिअरिंग सरळ धरावे आणि ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असतील तर तेवढेच हळूहळू लावावेत.

प्रश्न : आमच्या ट्रेलरमध्ये गॅरेज आणि झोपायची जागा यांत फक्त पडदा आहे. मुक्कामाला पोहोचल्यावर आत पेट्रोलचा वास येतो. ह्यांचे म्हणणे असे की, खिडकी उघडी ठेवली म्हणजे पुरे. मला मात्र शेजारी मोटारसायकल उभी असताना शेगडी पेटवण्याची धास्ती वाटते. पडद्याऐवजी लाकडी पार्टिशन घालावे का?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : आपली धास्ती रास्त आहे आणि हे उत्तर त्यांनाही वाचून दाखवावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती खिडकीपर्यंत चढत नाही, तर जमिनीलगत पसरत पडद्याखालून पलंगापर्यंत येते. स्वयंपाकाचा गॅसही हवेपेक्षा जड असल्यामुळे त्याचीही तीच गत होते. म्हणून गॅरेजच्या समोरासमोरच्या भिंतींत, जमिनीला टेकून, जाळी लावलेली आणि कधीही बंद न होणारी दोन झरोकेवजा छिद्रे पाडावीत. पार्टिशन अवश्य घालावे, पण खालच्या कडेला रबराची पट्टी देऊन फट बुजवली नाही, तर त्याचा उपयोग पडद्याइतकाच होईल. गॅरेजमध्ये खालच्या बाजूला स्विच, सॉकेट किंवा इन्व्हर्टर यांपैकी काहीही बसवू नये.

हे सगळे केले तरी शेगडी पेटवण्यापूर्वी मोटारसायकल बाहेर काढावी आणि रात्रभर बाहेरच ठेवावी. सिलिंडरसाठी बाहेरूनच उघडणारा, आतल्या बाजूने पूर्ण बंद असलेला आणि तळाला छिद्र असलेला कप्पा करून घ्यावा. गॅसगळतीचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र उशीच्या उंचीला हवा, कारण तो वायू हवेत सर्वत्र मिसळतो आणि त्याला वास नसतो. माळशेजच्या थंडीत ऊब मिळावी म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन झोपण्याचा मोह होतो. ते प्राणघातक आहे, मग खिडकी किलकिली असो वा नसो. अग्निशामक चुलीशेजारी टांगू नये. तो दाराजवळ असावा, म्हणजे आगीकडे पाठ न करता हाती येतो.

प्रश्न : पावसाळ्यानंतर ट्रेलर उघडला तेव्हा गॅरेजची जमीन रॅम्पच्या बाजूला फुगलेली दिसली. वरून ॲल्युमिनियमचा नक्षीदार पत्रा ठोकून घेतला तर चालेल का?
— एक वाचक, वसई

उत्तर : चालणार नाही, कारण पत्र्याखाली लाकूड दिसेनासे होईल, पण कुजायचे थांबणार नाही. फुगलेला भाग काढून चेसिस उघडी करावी. खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंडाला पापुद्रे सुटले असण्याची शक्यता मोठी आहे. ते खरवडून, प्राइमर आणि रंग देऊन मगच नवी फळी घालावी. प्लायवूड घेताना दुकानदाराच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर न थांबता आयएस ७१० हा मरीन प्लायचा मानक क्रमांक पाहावा. १८ मिलिमीटर जाडीची आठ बाय चार फुटांची एक फळी सुमारे ३५ ते ४० किलो भरते, तेव्हा तिचीही नोंद वजनाच्या हिशेबात करावी.

प्लाय पाणी पितो तो कापलेल्या कडांतून आणि बोल्टच्या भोकांतून. म्हणून बसवण्यापूर्वी सगळ्या कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूला इपॉक्सीचे दोन हात द्यावेत. सुतार हे काम टाळू पाहतो, तेव्हा ते आपण स्वतः करावे. रॅम्पच्या बिजागरीखाली आणि छताच्या सांध्यांत ब्यूटाइल टेप आणि त्यावर पॉलियुरेथेन सीलंट वापरावे. सिलिकॉन वापरू नये, कारण ते सुटू लागले की त्या जागी दुसरे काहीच नीट चिकटत नाही. पत्रा हवाच असेल, तर नवी जमीन पूर्ण वाळल्यावर घालावा आणि लोखंड व ॲल्युमिनियम एकमेकांना भिडतील तेथे रबराचा पातळ थर द्यावा, नाहीतर खाऱ्या दमटपणात ॲल्युमिनियम पोखरले जाते. ही दुरुस्ती डिसेंबर-जानेवारीत करावी. पावसाळ्यात ट्रेलर रॅम्पच्या बाजूला किंचित उतार देऊन उभा करावा आणि प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गच्च गुंडाळू नये.

प्रश्न : माझी मुलगी ॲरिझोनात असते. तिच्या टॉय हॉलरचा रॅम्प अधांतरी आडवा धरून त्याची ओसरी करावी असे तिच्या मनात आहे. मी हिवाळ्यात तिकडे जाणार असल्याने हे काम आम्ही दोघे मिळून करू म्हणतो. काय जपावे?
— एक वाचक, दादर

उत्तर : अमेरिकेत अनेक उत्पादक ही सोय कारखान्यातूनच देतात, म्हणून प्रथम तिच्या मॉडेलसाठी केबल आणि कठड्याचा तयार संच मिळतो का, हे पाहावे. मिळाला नाही, तर रॅम्प उताराने जमिनीला टेकलेला असताना किती भार पेलतो यावर विसंबू नये, कारण आडवा झाल्यावर तो सगळा भार बिजागरी आणि दोन केबलींवर येतो. बाहेरच्या दोन्ही कोपऱ्यांखाली उंची जुळवता येणारे पाय द्यावेत आणि केबल केवळ आधारापुरत्या ठेवाव्यात. गाडीपासून सोडलेल्या ट्रेलरच्या मागच्या टोकावर चार माणसे उभी राहिली, तर पुढचे तोंड वर उचलले जाऊ शकते, तेव्हा मागचे स्थिरक जॅक उतरवल्याशिवाय कोणीही ओसरीवर जाऊ नये. रॅम्पचे वजन तोलणाऱ्या स्प्रिंगला आपण दोघांनीही हात लावू नये. ते ताणलेले असते आणि सुटले तर हात मोडू शकते.

प्रश्न : लोहार चाळीतून वायर-फ्यूज आणून १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि २०० वॉटचे सौर पॅनेल बसवणार आहे. त्यावर इंडक्शन चूल चालेल का?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : नाही. १२.८ व्होल्टच्या त्या बॅटरीत सुमारे १२८० वॉट-तास साठतात आणि २००० वॉटची चूल पूर्ण क्षमतेने चालवली, तर त्या पाऊण तासही पुरणार नाहीत. पंखा, दिवे, पाण्याचा पंप आणि छोटा कॉम्प्रेसर फ्रिज यांसाठी मात्र ही जोडी हिवाळ्यात उत्तम आहे. पावसाळ्यात पॅनेलवर भिस्त ठेवू नये. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच असावा.

प्रश्न : गॅरेज मोठे करण्यासाठी ट्रेलरची लांबी दोन फुटांनी वाढवली, तर आरटीओला कळवावे लागेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : केवळ कळवून भागणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ट्रेलरलाही नोंदणीचे नियम लागू आहेत आणि कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. पलंग, कपाट, दिवे ही आतली सोय निराळी. लांबी, चेसिस आणि ॲक्सल यांना हात लावण्यापूर्वी आपल्या आरटीओकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तर येईपर्यंत वेल्डरला बोलावू नये. शिवाय वाढवलेले ते दोन फूट ॲक्सलच्या मागे येणार असतील, तर मुलुंडच्या वाचकांना दिलेला हिशेब आपणही आधी करून पाहावा.