तेल थोडंच, पण जागेवर

किल्लीचं घड्याळ उघडून साफ करताना मेनस्प्रिंगचा (चक्रांना जोर देणाऱ्या गुंडाळलेल्या पट्टीचा) ताण पूर्ण उतरवल्याशिवाय पॅलेट फोर्कला (चक्रं अडवत-सोडत नेणाऱ्या छोट्या काट्याला) हात लावू नका. ताण शिल्लक असेल तर फोर्क निघताक्षणी चक्रं भरधाव सुटतात आणि एखादा पिव्हट, म्हणजे चक्राच्या दांड्याचं बारीक टोक, मोडतो. धुताना हा फोर्क अल्कोहोलमध्ये भिजत ठेवू नका. त्याचे खडे लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख त्यात विरघळते.

तेल घालताना नवशिक्यांचा हात हमखास सैल सुटतो. पिव्हट ज्यात फिरतो त्या खड्याच्या वाटीत अर्ध्याहून थोडं जास्त पुरे. भिंगातून पिव्हटभोवती चकचकीत कडं दिसायला हवं. ते काठाबाहेर गेलं की तेल पसरत जातं आणि पिव्हटच कोरडा पडतो. बॅलन्सला (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाला) मोबियस ९०१० सारखं पातळ तेल, किल्लीच्या भागांना घट्ट. फोर्कच्या पिव्हटना मात्र तेल लावूच नका, खरंच नको.

जोडताना ब्रिजचे (चक्रं वरून धरणाऱ्या पट्टीचे) स्क्रू आवळत असताना चक्र हलवून बघत राहा. अडलं तर तिथेच थांबा. जोर लावलात की पिव्हट गेलाच म्हणून समजा. फोर्क बसवण्याआधी किल्ली जराशी द्या. सगळी चक्रं सहज फिरली पाहिजेत, आणि थांबताना किंचित उलटी आली तर उत्तमच.