डाळिंबं निळी का दिसतात?

प्रश्न: नमस्कार सर, आमची सांगोल्याजवळ डाळिंबाची बाग आहे, मी पायथॉन शिकतोय आणि फोटोतून पिकलेली फळं ओळखायचा प्रोग्राम ओपनसीव्ही या इमेज लायब्ररीत लिहिलाय. पण फोटो मॅटप्लॉटलिब या चित्रं दाखवायच्या लायब्ररीत दाखवला की डाळिंबं निळी येतात. आणि कलर पिकरमध्ये फळाचा ह्यू (रंगचक्रावरचा कोन) 354 दिसतो म्हणून इनरेंज या ठरावीक रंगाचे पिक्सेल निवडणाऱ्या फंक्शनला 345 ते 360 दिलं तर मास्क (निवडलेलं पांढरं, बाकी काळं असं चित्र) अख्खा काळा. काय चुकतंय?

उत्तर: तुमचा फोटो बरोबर आहे हो, आकडे वाचायची पद्धत दोन्हीकडे वेगळी आहे एवढंच. ओपनसीव्हीचं फोटो वाचणारं फंक्शन इमरीड रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने देतं, मॅटप्लॉटलिब तेच लाल-हिरवा-निळा समजून वाचतं, म्हणून लाल आणि निळ्याची अदलाबदल होते. दाखवण्याआधी बीजीआरचं आरजीबी करून घ्या, पण ती कॉपी फक्त बघायला ठेवा, एचएसव्ही (ह्यू, सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा गडदपणा, आणि व्हॅल्यू म्हणजे उजेड) मूळ इमेजवरूनच काढा. नाहीतर तुमच्या लालचा ह्यू ओपनसीव्हीच्या मापात 123 येईल, म्हणजे निळा, आणि मग दिवसभर शोधत बसाल, खरंच सांगतो.

आता काळा मास्क. साध्या 8 बिट इमेजमध्ये एका खान्यात 255 च्या वर आकडा मावत नाही, 360 अंश बसणार कुठे, म्हणून ओपनसीव्ही ह्यू निम्मा करून 0 ते 179 मध्ये ठेवतं. 345 च्या पुढचा पिक्सेल तिथे असूच शकत नाही. समजा फळाचा रंग लाल 200, हिरवा 40, निळा 56 आहे. पिकर त्याला 354, 80 टक्के, 78 टक्के म्हणेल, ओपनसीव्ही 177, 204, 200 म्हणेल, आणि पायथॉनचं कलरसिस (त्याला आधी तिन्ही आकडे 255 ने भागून द्यावे लागतात) 0.983, 0.8, 0.784. रंग तोच, माप वेगळं.

लालची अजून एक भानगड म्हणजे तो चक्राच्या दोन्ही टोकांना असतो. म्हणून दोन मास्क करा, 0 ते 10 आणि 170 ते 179, आणि बिटवाइज ऑरने (दोन्हीपैकी एकात असलेला पिक्सेल धरून) जोडा. सॅच्युरेशन 100 च्या वर ठेवून बघा, मातीचा फिकट तांबूस रंग बराचसा गळेल. उन्हात फळावर जो पांढरा चकाकता ठिपका येतो तोही त्यात गळतो आणि मास्कला भोक पडतं, ते मॉर्फॉलॉजीतल्या (आकार सुधारायच्या क्रियांतल्या) क्लोजने बुजवा.