रेडिओ स्टेशनचा मालक बदलला की गाणी का बदलतात?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत एखादं रेडिओ स्टेशन विकलं गेलं की त्यावरची गाणी, निवेदक, सगळंच रातोरात का बदलतं, आणि ऐकणाऱ्यांना त्यात काही बोलता येतं का. मी वीसेक वर्षं न्यू जर्सीत राहतो. ऑफिसला जाता-येता रोज दोन तास गाडीत रेडिओ चालू असतो. त्यामुळे हा प्रश्न मला अगदी जवळचा आहे, आणि उत्तर जरा लांबेल.

३१ मे २०१९, शुक्रवार. ऑफिसातून एडिसनला घरी परतत होतो. ९५.५ वर न्यूयॉर्कचं डब्ल्यूपीएलजे लागलेलं होतं. संध्याकाळी सात वाजता स्टेशन बंद होणार हे महिनाभर आधीपासून माहीत होतं. सात वाजायला आले तसं मला गाडी चालवत ऐकवेना, म्हणून एका दुकानासमोर थांबलो. १९९१ पासून रोज सकाळी त्या स्टेशनवर बोलणारा टॉड पेटेंगिल निरोप घेत होता. शेवटचं गाणं संपलं आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर के-लव्ह सुरू झालं. के-लव्ह म्हणजे एकाच ठिकाणाहून देशभर जाणारं ख्रिस्ती भक्तिसंगीत. त्यात ना न्यूयॉर्कचं ट्रॅफिक, ना न्यूयॉर्कची थंडी. बाजूच्या गाडीतली बाई डोळे पुसत होती. ती तेच ऐकत होती की नाही, मला माहीत नाही. मी मात्र तेव्हापासून असंच धरून चाललोय की ती तेच ऐकत होती.

आता हे का झालं ते बघा. डब्ल्यूपीएलजे आधी एबीसीचं होतं. २००७ मध्ये ते सिटाडेल या रेडिओ कंपनीकडे गेलं, २०११ मध्ये सिटाडेललाच क्युम्युलस या दुसऱ्या रेडिओ कंपनीने विकत घेतलं. अशा खरेद्यांसाठी काढलेलं कर्ज क्युम्युलसच्या मानगुटीवर बसलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यातून बाहेर पडल्यावर कर्ज कमी करायला रोकड हवी होती. म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी सहा स्टेशनं मिळून १० कोटी ३५ लाख डॉलरला विकायची ठरवली. घेणारी संस्था एज्युकेशनल मीडिया फाउंडेशन, म्हणजेच के-लव्हवाले. ती ना-नफा संस्था आहे आणि श्रोत्यांच्या देणग्यांवर चालते. डब्ल्यूपीएलजेचे श्रोते, गाणी, निवेदक यांतलं तिला काहीच नको होतं. तिला हवी होती एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून सुटणारी आणि तीन राज्यांत पोचणारी ९५.५ ची लहर. दादरला नाक्यावरचं जुनं पुस्तकांचं दुकान विकलं जातं आणि महिन्याभरात तिथे मोबाइलचं दुकान थाटलं जातं, तसंच हे. नव्या माणसाने पैसे जागेचे मोजलेले असतात.

म्हणून स्टेशन विकल्याची बातमी आली की मी दोनच गोष्टी बघतो. नव्या मालकाच्या डोक्यावर कर्ज किती आहे, आणि त्याच शहरात त्याची आणखी कुठली स्टेशनं आहेत. कुठला फॉर्मॅट, म्हणजे स्टेशनवर लागणाऱ्या गाण्यांचा ठरलेला प्रकार, राहणार आणि कुठला जाणार, हे बहुतेक वेळा या दोन गोष्टींवर ठरतं. लोकांना काय आवडतं हा मुद्दा त्यानंतर येतो.

दुसरी गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्याबद्दल गैरसमज जास्त आहे. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स अॅक्टने देशभरात एका कंपनीकडे किती स्टेशनं असावीत यावरची मर्यादा काढून टाकली. मोठ्या शहरात एका कंपनीला आठपर्यंत स्टेशनं ठेवायची मुभा मिळाली, त्यात एएम किंवा एफएम यांपैकी एका प्रकारची जास्तीत जास्त पाच. क्लिअर चॅनल या कंपनीने पुढच्या काही वर्षांत बाराशेहून जास्त स्टेशनं गोळा केली. तिचंच आजचं नाव आयहार्टमीडिया. न्यूयॉर्कमध्ये तिची पाच एफएम स्टेशनं आहेत: झी१०० वर आजची हिट गाणी, केटीयूवर नाचाची, लाइट एफएमवर मवाळ, क्यू१०४.३ वर जुनं रॉक आणि पॉवर १०५.१ वर हिपहॉप. एकाच घरातल्या पाच भावांनी एकाच गल्लीत पाच वडापावच्या गाड्या लावायच्या नाहीत, हा त्यामागचा साधा हिशेब. एक वडापाव विकतो, दुसरा मिसळ, तिसरा चहा. स्टीव्हन बेरी आणि जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये नेमकं हेच दाखवलं की स्टेशनं मोजक्या हातांत गेल्यावर शहरांतली फॉर्मॅटची विविधता वाढली. मालक कमी झाले म्हणजे गाण्यांचे प्रकार कमी झाले, असं सरसकट म्हणता येत नाही. मलाही ते आधी पटलं नव्हतं. पण गाडीतली बटणं दाबत गेलात तर ते कानाला कळतं.

मात्र विविधता म्हणजे स्थानिकपणा नव्हे, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. फ्यूचर ऑफ म्युझिक कोएलिशन या संस्थेने २००२ च्या अहवालात दाखवलं होतं की वेगवेगळी नावं लावलेल्या फॉर्मॅटच्या याद्यांमध्ये बरीच गाणी तीच ती असतात. त्याच्या जोडीला व्हॉइस-ट्रॅकिंग आलं. निवेदक स्टुडिओत बसून फक्त आपली वाक्यं रेकॉर्ड करतो. गाण्यांच्या मध्ये ती कुठे बसवायची ते संगणक बघतो. चार तासांच्या कार्यक्रमाचं बोलणं अशा रीतीने थोड्या वेळात उरकतं, आणि तोच माणूस त्याच दिवशी तीन-चार दुसऱ्या गावांचाही निवेदक होतो. गावाचं नाव नीट उच्चारलं की झालं, तो त्या गावात कधी गेलेला नसला तरी चालतं. हे कंपन्या हौस म्हणून करत नाहीत. २००८ मध्ये बेन कॅपिटल आणि थॉमस एच. ली या गुंतवणूक कंपन्यांनी क्लिअर चॅनल विकत घेतली ती मुख्यतः कर्ज काढून, आणि ते कर्ज चढलं कंपनीच्याच खात्यावर. मार्च २०१८ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा आकडा २० अब्ज डॉलरच्या वर होता. एवढं व्याज भरायचं तर पहिला खर्च पगाराचाच कापला जातो. पगार कापला की गावातला माणूस जातो. आणि गावातला माणूस गेल्यावर, गावातच निघणारी गाणी वाजवायला तिथे उरतं कोण?

श्रोत्यांना काही म्हणता येतं का? यासाठी न्यूयॉर्कच्याच १०४.३ ची गोष्ट ऐका. तिथे डब्ल्यूएनसीएन नावाचं शास्त्रीय संगीताचं, अर्थात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं, स्टेशन होतं. नोव्हेंबर १९७४ मध्ये मालकाने ते बदलून रॉक सुरू केलं. श्रोत्यांनी संघटना काढली, वकील लावले, आणि पुढच्या वर्षी स्टेशन नव्या मालकाकडे जाऊन शास्त्रीय संगीत परत आलं. मूळ प्रश्न मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला: स्टेशन विकताना किंवा लायसन्स नवं करताना सरकारने फॉर्मॅट बघावा की नाही? १९८१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला की एफसीसीने, म्हणजे रेडिओची लायसन्सं देणाऱ्या सरकारी संस्थेने, हे बाजारावर सोडलं त्यात काही गैर नाही. अल्पमताचा निकाल न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी लिहिला. विक्रीवर हरकत नोंदवायचा हक्क तुम्हाला आजही आहे. पण ‘माझी गाणी बंद होतील’ ही हरकत म्हणून चालत नाही, ती या निकालामुळे. आणि १०४.३ चं पुढे काय झालं? डिसेंबर १९९३ मध्ये तिथलं शास्त्रीय संगीत कायमचं गेलं. वर ज्या क्यू१०४.३ चं नाव घेतलं, तीच ही जागा.

शास्त्रीय संगीत तगलं ते दुसऱ्या वाटेने. २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने आपलं डब्ल्यूक्यूएक्सआर विकलं. ९६.३ ही जोरदार फ्रिक्वेन्सी स्पॅनिश भाषेतल्या युनिव्हिजनकडे गेली. स्टेशनचं नाव आणि संगीत सार्वजनिक रेडिओ डब्ल्यूएनवायसीने घेतलं आणि ते १०५.९ या कमी पल्ल्याच्या जागी हलवलं. माझ्या घरापर्यंत ते आता खरखरत येतं. तरी आहे, याचंच समाधान.

श्रोत्यांचा आवाज पोचल्याचं एक उदाहरण मात्र पक्कं आहे, आणि त्यात मालक बदललेलाच नव्हता. १०१.१ वरच्या डब्ल्यूसीबीएस-एफएमवर १९७२ पासून जुनी गाणी लागायची. जून २००५ मध्ये मालकाने एका दुपारी ती बंद करून ‘जॅक’ नावाचा, निवेदक नसलेला, देशभर खपवलेला फॉर्मॅट आणला. श्रोते गेले, जाहिराती गेल्या. जुलै २००७ मध्ये त्याच मालकाने जुनी गाणी परत आणली. त्याला पर्याय होता, कारण स्टेशन अजून त्याच्याच हातात होतं. डब्ल्यूपीएलजेच्या बाबतीत रागवायचं कुणावर? नवा मालक जाहिरातींवर जगत नाही, त्यामुळे आपण ऐकायचं थांबवलं तरी त्याचं काही बिघडत नाही.

आपल्या माणसांशी याचा संबंध आहे तो एएमवर. इथे भारतीय भाषांतले बरेच कार्यक्रम स्टेशनकडून तास भाड्याने घेऊन होतात. आमच्या ओळखीच्या चौघांनी असाच रविवारी सकाळचा एक तास घेतला होता. भावगीतं, लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, नाट्यप्रयोगांच्या तारखा. एकीचे वडील साताऱ्याहून आले की हमखास त्यांना बोलतं करायचे. स्टेशनचा मालक बदलला, नव्याने पूर्ण आठवड्याचे तास एकाच मोठ्या गिऱ्हाइकाला दिले आणि एक महिन्याच्या नोटिशीत हा तास गेला. करारात तेवढीच मुदत लिहिलेली होती. तुमच्यापैकी कुणी असा तास घेत असाल तर मालकी बदलल्यास काय, हे कलम आधी वाचा.

भारतात चित्र निराळं आहे, पण तर्क तोच. खाजगी एफएम रेडिओच्या २००५ च्या दुसऱ्या टप्प्यातल्या सरकारी धोरणात एका कंपनीला एका शहरात एकच चॅनल ठेवता यायचं. मग प्रत्येक जण सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाच्या, म्हणजे नव्या हिंदी फिल्मी गाण्यांच्या, मागे धावला. मुंबईत बटण फिरवलं तरी तेच गाणं लागायचं ते यामुळे. तिसऱ्या टप्प्यात अटींसह एकाहून जास्त चॅनल घ्यायची परवानगी मिळाली आणि लगेच फरक पडला. फीव्हरवाल्या एचटी मीडियाने २०१६ मध्ये मुंबई-दिल्लीत दुसरं चॅनल काढलं ते जुन्या गाण्यांचं, रेडिओ नशा. पहिल्याचेच श्रोते दुसऱ्याने खायचे नाहीत, हा न्यूयॉर्कचाच हिशेब मुंबईत आला.

तुमच्या गावातलं स्टेशन विकायला निघालं असेल तर एफसीसीच्या संकेतस्थळावर त्याचा अर्ज सापडतो, त्यात घेणाऱ्याचं नाव असतं. ते नाव शोधा, त्याची आजूबाजूची स्टेशनं कोणती ते बघा आणि त्यावर दिवसभर काय लागतं ते आठवडाभर ऐका. के-लव्हसारखं साखळीचं नाव दिसलं तर लांबणीवर टाकू नका. आवडत्या निवेदकाला आताच लिहा. मी टॉड पेटेंगिलला लिहायचं ठरवलं होतं आणि ते राहून गेलं.