मध्यस्थ एक ख्रिस्त, मग जपमाळ कशासाठी?

प्रश्न : ‘देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच’ असं बायबल सांगतं. मग आपण कॅथलिक येशूची आई मरिया हिची जपमाळ का म्हणतो?

वचन बरोबर आहे : तीमथ्याला पहिलं पत्र, २:५. पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला पत्र लिहिणारा प्रेषित पौल सर्व माणसांसाठी विनंत्या करायला सांगतो. शेजारणीला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ म्हटलं तर ख्रिस्ताची जागा जात नाही, मरियेचंही तसंच. जपमाळेतल्या ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचा पूर्वार्ध लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला आहे आणि तो येशूच्या नावावर येऊन थांबतो. उत्तरार्धात मागणं एवढंच, की आम्हा पाप्यांसाठी विनंती कर. तारण तिच्याकडे मागितलेलंच नाही.

जपमाळेत पाच दशकं. प्रत्येकात दहा ‘नमो मरिया’ आणि मननाला एक रहस्य, म्हणजे येशूच्या किंवा मरियेच्या जीवनातला एक प्रसंग. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं जोडली. आता एकूण वीस, बहुतेक ख्रिस्ताच्याच जीवनातली. बिघडतं इथे : रहस्य घाईत पुकारलं जातं आणि मणी पळू लागतात. रहस्य सांगितलं की शुभवर्तमानातल्या त्या प्रसंगाच्या दोन-चार ओळी वाचा, क्षणभर थांबा, मग सुरुवात करा. प्रॉटेस्टंट बांधवांना संतांकडे विनंती करणंच मान्य नाही. हा मतभेद खरा आहे, शब्दांचा खेळ नाही.

प्रश्न : ३२५ साली निकेयाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत मतं घेऊन येशूला देव ठरवलं का?

नाही. फिलिप्पैकरांस पत्र त्याच्या अडीचशेहून अधिक वर्षं आधीचं, आणि त्यात (२:१०) येशूच्या नावाने प्रत्येक गुडघा टेकतो. वाद वेगळा होता. अरियस हा धर्मगुरू पुत्राला, म्हणजे येशूला, श्रेष्ठ मानायचा, पण देवाने निर्मिलेला. त्याचा विरोधक अथनेशियस याचा आक्षेप थेट तारणावर बोट ठेवतो : जो स्वतःच निर्मिलेला, तो आपल्याला देवाशी कसा जोडणार?

प्रश्न : कृपेने तारण, तर सत्कृत्यं कशाला?

इफिसकरांस २:८-९ तोंडपाठ असणारे बरेचजण दहाव्या वचनापर्यंत पोहोचतच नाहीत : सत्कृत्यांसाठी आपण ख्रिस्त येशूमध्ये निर्माण झालो. आधी कृपा, मग कृत्यं. कॅथलिक आणि लूथरन (प्रॉटेस्टंटांचाच एक पंथ) यांनी या प्रश्नाच्या गाभ्यावर १९९९ साली ऑग्सबर्गमध्ये संयुक्त घोषणेवर सह्याही केल्या.

प्रश्न : बायबल कुठून वाचायला घेऊ?

मार्कच्या शुभवर्तमानापासून. १६ अध्याय, दीड-दोन तासांची एक बैठक. ८:२९ वर थांबा. ‘तू ख्रिस्त आहेस’ हे पेत्राचं उत्तर बरोबर. पण चार वचनांनंतर येशू त्यालाच फटकारतो, कारण पेत्राला दुःख न सोसणारा ख्रिस्त हवा असतो. शेवटी १६:९-२० कंसात किंवा तळटिपेसह छापलेलं दिसलं तर गोंधळू नका. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती वचनं नाहीत.