हॉटेलातल्या बिडीबंदीबद्दल: ग्रामसभेतल्या दोन हरकती

भाऊ, तुमच्या ग्रामसभेत दोन हरकती आल्या म्हणता. आपल्याकडे सगळे खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खातात, बिडी बंद करून काय साधणार? आणि हॉटेलात बंदी केली की माणूस घरी ओढेल, धूर लेकरांच्या नाकात जाईल. तीस वर्षं आरोग्यसेवक म्हणून गावं फिरलो. दुसरी हरकत मलाही खरी वाटायची, म्हणून आधी तीच घेतो.

स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ पासून बंदिस्त सार्वजनिक जागी ओढायला बंदी आहे. त्याआधी दम्यानं दवाखान्यात भरती होणारी मुलं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत होती. बंदीनंतर ती वर्षाला १८ टक्क्यांनी कमी होत गेली. आपल्याकडे नियम २ ऑक्टोबर २००८ ला आले. घरात दुसऱ्याचा धूर सोसणारी मोठी माणसं २००९-१० च्या देशव्यापी पाहणीत ५२ टक्के होती, २०१६-१७ ला ३९. सगळं श्रेय बंदीचं नाही, पण धूर घरात शिरला हे म्हणणं टिकत नाही.

हृदयाचा फायदा सगळ्यात लवकर दिसतो. स्कॉटलंडच्या नऊ रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्यानं येणारे वर्षभरात १७ टक्क्यांनी घटले, आणि या घटीतले दोन तृतीयांश बिडी-सिगारेट न ओढणारे होते! दुसऱ्याचा धूर अर्धा तास घेतला तरी रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो. फुप्फुसाच्या कॅन्सरचा फरक मात्र दिसायला वीसेक वर्षं लागतात, तेवढा धीर ठेवा.

आमच्या फाट्यावरच्या हॉटेलात भजी तळणारी बाई होती. हिवाळ्यात ताडपत्री सोडलेली, आत दहा-बारा जणांच्या बिड्या. रात्री धापा टाकत माझ्या दारी यायची. तिनं कधी बिडी ओठाला लावली नाही. भट्टीचा धूर होताच, पण तो तिच्या पोटापाण्याचा होता; हा दुसरा तिच्यावर लादलेला.

खर्ऱ्याबद्दल लोक खरं बोलतात. महाराष्ट्रात ओढणारे ४ टक्क्यांच्या आत, तंबाखू खाणारे २४ टक्के. बिडीबंदीनं तोंडाचा कॅन्सर हटणार नाही, त्यासाठी पानठेल्यांवरचा ठराव वेगळा घ्या.

बिडीच्या ठरावात ‘मागच्या खोलीत ओढा’ ही सवलत देऊ नका. एका टिनाखाली धूर सगळीकडे फिरतो, आणि वेगळी जागा कायद्यानं तीस किंवा जास्त खुर्च्यांच्या हॉटेलालाच मिळते. गल्ल्यावरची काडीपेटी आणि टेबलावरची राखदाणी पहिल्या दिवशीच उचलायला लावा.